फटीचा हिशेब

मराठवाड्यात राहून सायकलला मडगार्ड बसवायचं म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो : "पण पाऊस कुठंय?" प्रश्न काही खोटा नाही. सह्याद्रीनं अडवून उरलेल्या ढगांवर आमचं भागतं. वर्षाची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ती सरासरी कशी लागते ते आम्हालाच विचारावं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस त्याच जिल्ह्यात नद्यांना पूर आले. रोहिण्या कोरड्या जातात, मृग हुलकावणी देतो, पेरणी खोळंबते आणि मग एखाद्या दुपारी असा कोसळतो की तासाभरात रस्त्याचा ओढा होतो. त्या तासाभरात जो सायकलवर सापडतो, त्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत एक काळी रेघ उमटते. ती रेघ साबणाला दाद देत नाही. पांढऱ्या सदऱ्यावर तर नाहीच नाही. आमच्या घरी त्या रेघेवरून जे बोलणं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर मडगार्ड पाहिजे, हे नक्की. अडचण होती सायकलची.

माझी सायकल शर्यतीच्या जातीची. पुण्याहून जुनी घेतलेली. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचा चिमटा कार्बनचा, ७०० बाय २५ चे, म्हणजे पंचवीस मिलिमीटर रुंदीचे टायर आणि टायरच्या डोक्यावर चिकटून बसलेले कॅलिपर ब्रेक. ज्यानं ती सायकल घडवली त्यानं मडगार्ड हा शब्दसुद्धा मनात आणलेला नसावा. चिमट्याला मडगार्डच्या काड्या अडकवायला भोक नाही. मागं ॲक्सलजवळ एकेक बारीक भोक आहे, ते कसं राहून गेलं कोण जाणे. उन्हात उभी केली की देखणी दिसते. अशा देखणेपणाचा उपयोग जूनपर्यंतच.

फट मोजायची माझी पद्धत साधी आहे. ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी पान्यांचा जुडगा घ्यायचा आणि ब्रेकचं पोट आणि टायरचा माथा यांच्या मधून एकेक की सरकवून बघायची. चार मिलिमीटरची सहज गेली. पाचची टायरला घासत, कुरकुरत गेली. सहाची गेलीच नाही. म्हणजे सगळं मिळून पाच मिलिमीटर. त्यात मडगार्डच्या प्लास्टिकची जाडी आली, ते ज्या पट्टीवर लटकणार तिची जाडी आली, पट्टी धरणाऱ्या बोल्टचं डोकं आलं. शिवाय चाक कितीही सरळ करून घेतलं तरी मिलिमीटरभर इकडंतिकडं डुलतंच. एवढं सगळं वजा केल्यावर खडीच्या कणाला जायला जागा उरते ती कागदावर. आणि रस्त्यावरची खडी काही कागद वाचून येत नाही.

यात आणखी एक गोम आहे. टायरवर २५ छापलेलं असतं म्हणून तो भरतो २५ च असं नाही. रिम आतून जितकी रुंद, तितका टायर पसरतो आणि थोडा उंचही होतो. माझ्या रिमवर तो मोजून बघितला तर सत्तावीसच्या घरात भरला. म्हणून कुणी सायकलवाल्यानं "पंचवीसचाय माझा, बसतंय मडगार्ड" असं सांगितलं तर ते त्याच्या रिमवरचं पंचवीस समजावं. हवा भरून, चाक बसवून, आपल्याच सायकलवर मोजावं.

दुसरी खूण ब्रेकमध्ये असते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कॅलिपर ब्रेकच्या दोन्ही हातांना उभी खाच असते, तिच्यात रबर वरखाली सरकवता येतं. बोल्टपासून रबरापर्यंतच्या अंतरावरून ब्रेकची मापं ठरतात. शर्यतीच्या सायकलचे ३९ ते ४९ मिलिमीटर, त्याहून ऐसपैस सायकलींचे ४७ ते ५७. रबर खाचेच्या तळाशी असेल तर ब्रेकची कमान टायरपासून लांब आहे, काहीतरी बसेल. रबर खाचेच्या वरच्या टोकाला असेल तर कमान टायरच्या डोक्यावर टेकलेली आहे. माझं रबर वरून एक पेर खाली नाही. मोठ्या मापाचा ब्रेक आणून लावला की झालं, असं वाटेल. पण बोल्टचं भोक फ्रेममध्ये जिथं पडलंय तिथंच राहणार. ब्रेक बदलून रिम खाली सरकत नाही.

आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलला हा प्रश्न कधी पडला नाही. ती २८ बाय दीडची, चाकं आजच्या ७०० च्या चाकांपेक्षाही किंचित मोठी. टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास हिचा ६३५ मिलिमीटर, माझ्या सायकलचा ६२२. पण तिच्या मडगार्डखालून दोन बोटं आरामात फिरायची, आणि त्याचं कारण तिच्या ब्रेकमध्ये होतं. हँडलखालून निघालेल्या सळया रिमच्या दोन्ही बाजूंनी खाली जायच्या आणि ब्रेक दाबला की रबर आतल्या अंगानं, खालून वर रिमला लागायचं. टायरच्या माथ्यावर ब्रेकचं काही कामच नव्हतं. माथा मोकळा, म्हणून मडगार्डला वाटेल तेवढी जागा. पत्र्याचं जड मडगार्ड, मागच्याच्या शेपटाला पांढरा पट्टा, त्यात लाल काच. कॅरिअरवर ज्वारीचं पोतं बांधून वडील गावाकडून यायचे, तेव्हा मडगार्डवर बुक्की मारून चिखल झाडायचे. माझ्या सायकलच्या कशावर बुक्की मारायची माझी हिंमत नाही.

चाचांचं दुकान जुन्या बाजारात. दुकान म्हणजे एक पत्रा, एक व्हाइस, पाण्याची घमेली आणि भिंतीवर टांगलेल्या जुन्या रिमा. काळ्या सायकलींच्या जमान्यापासून त्यांचे हात यात आहेत. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी ब्रेकखाली नख घालून बघितलं.

"सर, इसमें तो कागद बी नै जाता."

"मग?"

"टायर बारीक डालो. नै तो सायकल बदलो."

टायर बारीक म्हणजे २३ चा. त्यानं एखाददुसरा मिलिमीटर सुटला असता हे खरं. पण परभणीच्या आसपासच्या रस्त्यांवर २३ चा टायर घालून जाणं म्हणजे स्वतःच्या माकडहाडाशी वैर. डांबरावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ, मधेच सिमेंटचा पट्टा आणि त्याची उघडी कड. या रस्त्यांना खरं तर २८ चा टायर पाहिजे. रस्ता रुंद टायर मागतो आणि मडगार्ड बारीक. फ्रेममधली जागा तर आहे तेवढीच. पंचवीसवर मी अडून बसलो. चाचांनी मग ड्रिल हातात घेतलं आणि चिमट्याला "एक छेद मारता, काडी बैठ जाती" म्हणाले. मी चिमट्यावर आडवाच पडलो म्हणा ना. स्टीलला भोक चालतं. कार्बनचे धागे एकदा कापले गेले की तिथून चीर कुठं जाईल हे कुणी सांगावं, आणि पुढचा चिमटा धावत्या सायकलवर तुटला तर दातांचा दवाखाना गाठावा लागतो.

शेवटी ठरलं ते कापायचं. मडगार्ड ब्रेकखालून जात नसेल तर ब्रेकखालून न्यायचंच नाही. ब्रेकच्या अलीकडं एक तुकडा, पलीकडं एक तुकडा, मधल्या चारदोन बोटांत ब्रेक आणि चिमट्याचा माथा हेच छप्पर. ही युक्ती काही आमची नाही. कमी जागेच्या सायकलींवर जिथं तिथं लोक हेच करतात. बाजारात असे दोन तुकड्यांचे, काढघालीचे संचही मिळतात. पण इथल्या दुकानात जे होतं ते साध्या गिअरच्या सायकलीचं लांबलचक प्लास्टिकचं मडगार्ड. त्याची रुंदी टायरपेक्षा सातआठ मिलिमीटर जास्त, म्हणजे बरोबर होती. त्याहून अरुंद असलं की पाणी कडेनं निसटतं.

हॅकसॉच्या पात्यानं चाचांनी एका दमात कापलं. कापलेली कड पात्यासारखी राहते, ती कानशीनं घासली. तरी बोचत होती म्हणून मी घरून ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी नेली, बोटभर कापली, लांबीत चिरली आणि कडेवर चढवली. घट्ट बसली. ठिबकच्या नळीचे तुकडे आमच्याकडं कुठल्याही बांधावर सापडतात आणि त्यांना लागत नाही असं काम मी अजून पाहिलेलं नाही. चिमट्याला काड्या अडकवायला भोक नव्हतं, तिथं विजेच्या दुकानातले पाइप भिंतीला धरायचे क्लिप आणले आणि क्लिपखाली, कार्बनला ओरखडा येऊ नये म्हणून, जुन्या ट्यूबचं रबर. तेसुद्धा हलक्या हातानं आवळायचं. कार्बनचा चिमटा आवळून चेपला तर वरून काही दिसत नाही.

तुकडे टांगायला ग्रिलवाल्याच्या भंगारातली ॲल्युमिनियमची पट्टी. व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवली, भोकं पाडली. पुढचा तुकडा ब्रेक आणि चिमटा यांच्या मधल्या पट्टीवर, मागचा त्याच बोल्टच्या मागच्या टोकावर. इथं मी चाचांना दोनदा थांबवलं. पट्टी घातली की तेवढे आटे नटातून बाहेर येतात आणि हा नट काही कॅरिअरचा नव्हे, ब्रेकचा आहे. लांब नट मिळेपर्यंत काम पुढं ढकललं. बोल्टचं डोकं मात्र चपटं मिळालं आणि ते आतल्या बाजूला ठेवलं. नटाचं टोक आत ठेवलं असतं तर उरलेली फट त्यानंच खाल्ली असती.

पुढचा छोटा तुकडा लावूच नये असं चाचांचं मत होतं. "वो सामने का पानी तो सामने जाता." जातं, पण राहत नाही. टायरला चिकटलेलं पाणी टायरच्या गतीच्या दिशेनं सरळ सुटतं. पुढच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेलं पुढं वर उडतं आणि आपण त्याच्यामागं त्याच वेगानं निघालेलो असतो. सरळ तोंडावर. चिमट्याच्या पोटात खालून एक भोक असतं, त्यातून हँडलच्या छर्‍यांपर्यंत पाणी चढतं आणि दिवाळीपर्यंत हँडल करकरायला लागतं, हे चाचांनी मला सांगितलं. त्या भोकात आम्ही औषधाच्या बाटलीचं रबरी बूच ठोकलं.

एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, ती म्हणजे मडगार्डची रेषा. देखणेपणासाठी नव्हे. चाक फिरतं तेव्हा टायर मडगार्डच्या मागच्या, खालच्या टोकातून आत शिरतो आणि वर चिमट्याकडं जातो. काडी असो, खडा असो, तो त्याच वाटेनं ओढला जातो. खालचं तोंड मोठं ठेवलं आणि वर चिमट्याशी जागा कमी असली, तर जे आत आलं ते वर जाऊन पाचर बसणार. पुढचं चाक जागीच थांबणार आणि माणूस हँडलवरून पुढं. माझ्या सायकलला वर चिमट्याशी जागा कमीच, ती वाढवता येत नाही. म्हणून खालचं तोंड मी त्याहून लहान ठेवलं. वर मावणार नाही ते खालूनच आत येऊ नये. शिवाय पुढच्या काड्या खाली बोल्टनं न आवळता बारीक केबल टायनं बांधल्या, म्हणजे काही अडकलंच तर टाय तुटावा. महागाच्या मडगार्डांना यासाठी सुटणारा खटका असतो. आमचा खटका दीड रुपयाचा.

पहिला चांगला पाऊस झाला तसा गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. ओल्या डांबरावर मडगार्डच्या आत एक वेगळाच आवाज असतो, पन्हाळीतून पाणी वाहावं तसा. मागच्या तुकड्याच्या टोकाशी खाली जाड रबराचा पट्टा लटकवला होता, त्याच्या कडेवरून पाणी एका धारेत रस्त्यावर पडत होतं. बूट कोरडे. चेन तेलकट, म्हणजे जशी असावी तशी. पोखर्णी ओलांडेपर्यंत पाठीला हात लावून बघायची सवय गेली. मधेच एखादा खडा आत शिरायचा आणि चर्रकन मडगार्डभर फिरून बाहेर पडायचा. जागा एवढी कमी की प्रत्येक खडा ऐकू येतो. पाच मिलिमीटरवर जगायचं तर कान उघडे ठेवावे लागतात.

पुढं एका ठिकाणी शेतातून ट्रॅक्टर निघालेला होता. त्याच्या टायरच्या नक्षीसकट काळ्या मातीचे तुकडे रस्त्यावर ओळीनं पडलेले. ते चुकवता आले असते. पण मला बघायचंच होतं, म्हणून तिथूनच पांदणीत वळलो.

काळी माती ओली झाली की काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण होतं का ते सांगतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिचे पापुद्रे एकावर एक रचलेले, आणि त्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं. माती फुगते. चैत्र-वैशाखात ज्या भेगेत पाय जाईल ती भेग आषाढात बुजते ती याच फुगण्यानं. कोकणातली तांबडी माती पाण्याबरोबर वाहून जाते, ही पाणी धरून ठेवते आणि जे भेटेल त्याला चिकटते. पहिल्या वेढ्याला टायरवर पातळ थर चढला. दुसऱ्या वेढ्याला त्या थरावर थर. त्यात पांदणीतलं गवत, तुराट्यांचे तुकडे, गेल्या साली पडलेला सोयाबीनचा भुसा. भिंत लिंपायच्या गाऱ्यात भुसा घालतात तेच मिश्रण. मडगार्डच्या खालच्या तोंडाशी ते कापलं गेलं, तिथंच साचलं, आणि मग आत ढकललं जायला लागलं. शंभरेक पावलं गेलो असेन. पुढचं चाक फिरायचं थांबलं आणि ओल्या मातीवरून सरळ घसरत गेलं. केबल टाय तुटले नाहीत, कारण झटका नव्हताच. हळूहळू भरलं होतं सगळं.

बांधावर एक काका उभे होते. त्यांनी बघितलं आणि काही विचारलं नाही. जरा वेळानं म्हणाले, "काढून टाका की ते, सर. या वाटंनं वाफसा येईस्तोवर चालत नस्तंय."

त्यांची मोटारसायकल लिंबाखाली उभी होती. पुढचं मडगार्ड नाही. नुसतं चाक आणि दोन नळकांडी. विचारलं तर म्हणाले, गोठ्यात टांगलंय, दसऱ्याला लावू. मग माझ्या लक्षात आलं की पावसाळ्यात अशा गाड्या मी वर्षानुवर्षं बघत आलोय, दूधवाल्यांच्या, रोजगारावर जाणाऱ्यांच्या, आणि पडून तुटलं असेल असंच समजत आलोय. तेवढ्यात एक बैलगाडी गेली. लाकडी चाकं, लोखंडी धाव, आऱ्यांना चिखलाचे लोळे. चाकाच्या वर काहीही नाही. थर जड झाला की आपोआप गळून पडत होता.

काकांनी तुराटी दिली, तिनं मी चाक खरवडून काढलं. बराच वेळ लागला. तोवर त्यांनी सायकल उचलून बघितली, एका हातानं. "हलकी हाय," म्हणाले, "पण चिखलासकट न्हाई."

तेव्हापासून माझं मत असं झालंय की मडगार्डचं भांडण पाण्याशी आहे, काळ्या मातीशी त्यानं लागू नये. डांबरावर पाणी उडतं, त्याला प्लास्टिकची चार बोटं पुरतात आणि फट पाच मिलिमीटर असली तरी निभतं. काळ्या मातीत दोन बोटं मोकळी पाहिजेत, नाहीतर पूर्ण उघडं पाहिजे. यातलं मधलं काही चालत नाही. काळ्या सायकलीला ती दोन बोटं होती, म्हणून ती पांदणीतूनही यायची. आता डिस्क ब्रेकच्या सायकलींत टायरचा माथा पुन्हा मोकळा झालाय. ब्रेक ॲक्सलजवळ गेला, चिमटा उंच झाला, चाळीसचा टायर आणि मडगार्ड दोन्ही बसतात. चाचांनी मोबाइलवर असली एक सायकल मला दाखवून झाली आहे. किंमत बघून मी मोबाइल त्यांना परत दिला.

सध्या मी मडगार्ड काढघालीचं करतोय. काड्यांना हातानं फिरवायचे कानाचे नट बसवले. पाना न लावता पुढचे दोन्ही तुकडे निघतात, दप्तरात जातात. मागचं राहू देतो. मागचं चाक अडलं तर सायकल घसरते, माणूस उडत नाही. अडलंय ते मागच्या पट्टीवर. सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यांवर बसणाऱ्या हादऱ्यांनी तिचं भोक लांबट व्हायला लागलंय आणि मडगार्ड खुळखुळतं. चाचा म्हणतात, रिव्हेट मारू, जन्माचं काम. मी म्हणतो, नट-बोल्टच पाहिजे, मागचंही कधी काढावं लागलं तर काय छिन्नी घेऊन फिरू? पोळ्याच्या आत काय ते ठरवायचंय. तोवर ठिबकच्या नळीचं एक वायसर घालून ठेवलंय.